वरच्या फळीवरचा स्पीकर

खरं तर हे कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. ठरवणारा मामा, आणि तो आत्ता एका गिऱ्हाइकाच्या घरी दुरुस्तीला गेलाय. तो यायला अजून तासभर तरी आहे. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं आहे, कामाच्या टेबलावरचा दिवा चालू आहे आणि समोर वही आहे. तेव्हा सांगूनच टाकते. पोटात ठेवून ठेवून आता पोट दुखायला लागलंय.

गोष्ट एका मुलीची आहे. वर्गात तिला सगळे ‘म्यूट’ म्हणायचे. फळ्यासमोर उभं केलं की तिची दातखीळ बसायची. उत्तर येत नसायचं असं नाही, पण ते घशातच पाय मुडपून बसायचं. हात मात्र तिचे बोलके होते. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत ती मामाच्या दुकानात बसायची. खाली रेडिओ आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान, वर मामाचं घर, मध्ये चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. यंदा तिने पहिल्यांदा एकटीने एका बोर्डावर सोल्डरचे बारा डाग दिले. मामाने भिंग लावून एकेक डाग बघितला आणि भिंग खाली ठेवत म्हणाला, “या पोरीला आता नुसती हाक मारून भागणार नाही. कारागीर म्हणावं लागेल.”

त्या दिवसापासून मामा तिला कारागीर म्हणायला लागला. मामा सोडून दुसरं कोणी तसं म्हणत नव्हतं. हे लक्षात ठेवा.

शाळेत हॅलोविनचा कार्यक्रम ठरला, तेव्हा तिच्या वर्गाच्या वाट्याला बोलणारा भोपळा आला. मॉनिटर लगेच म्हणाली, “म्यूटला द्या, बाई. भोपळा आणि ती, दोघांचं चांगलं जमेल. दोघंही गप्प!”

वर्ग हसला. बाईही थोडं हसल्या, पण काम तिलाच दिलं. “फक्त एक,” त्या म्हणाल्या, “ज्याने बनवलं, त्यानेच स्टेजवर येऊन चार वाक्यं बोलायची.”

काम मिळालं म्हणून ती जितकी फुलली, तितकीच या अटीने कोमेजली. पण घरी जाताना रस्त्यातच तिला युक्ती सुचली. भोपळा वायरलेस स्पीकरच असणार होता ना? मग चार वाक्यं आधीच मोबाइलवर रेकॉर्ड करायची, मोबाइल खिशात ठेवायचा, आणि स्टेजवर बोलेल तो भोपळा. तिने नुसतं शेजारी उभं राहायचं. यात फसवणूक कुठे होती? आवाज तर तिचाच.

तिने मोठा फुगा फुगवून त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. एक थर वाळला की दुसरा, असे पाच थर. मग फुगा फोडला, तिरके डोळे कापले, वेडेवाकडे दात कापले आणि दातांच्या मागे स्पीकर बसवायला गोल भोक पाडलं. भगवा रंग दिला. आत ब्लूटूथचा तयार बोर्ड, छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि बॅटरी बसवली. सगळं तिच्या मनासारखं झालं. आता फक्त स्पीकर हवा होता.

मामाच्या दुकानात एक नियम होता. खालच्या फळीवरचं काहीही घ्यायचं, विचारायचंसुद्धा नाही. वरच्या फळीला हात लावायचा नाही. खालच्या फळीवरचे स्पीकर तिने एकेक करून लावून पाहिले. सगळे मोठे. भोक आधी पाडलं आणि माप नंतर घेतलं, अशी चूक तिने याआधी कधी केली नव्हती. भोक वाढवायला गेलं तर दात तुटतील अशी तिला भीती, आणि पुन्हा पाच थर द्यायचे, तर तेवढे दिवस कुठे होते? कार्यक्रम सोमवारी होता आणि हा शनिवार. अर्धी शाळा, उन्हं कललेली, मामा जेवून वर झोपलेला.

ती स्टुलावर चढली.

वरच्या फळीवर लाकडाची एक पेटी होती. पुढे जाळी, खाली आवाजाचं बटण. मागून दोन वायरी निघाल्या होत्या आणि बोटभर अंतरावर कापलेल्या होत्या. पेटी तिच्या ओळखीची होती. मामी आजारी पडली तेव्हा मामाने ही जोडी बनवली होती. एक पेटी वर मामीच्या खाटेपाशी, एक खाली दुकानात. मामीला काही लागलं की ती वरच्या पेटीवर चमचा वाजवायची, तीनदा, आणि म्हणायची, “अहो, ऐकताय ना?” मग मामा हातातलं काम टाकून वर जायचा. मामीला जाऊन तीन वर्षं झाली होती.

जाळीमागचा स्पीकर भोकाला अगदी बरोबर बसत होता. सोमवारनंतर परत लावून टाकू, मामाला कळणारही नाही, असं ठरवून तिने चार स्क्रू काढले.

सोल्डरमधल्या राळेचा वास दुकानभर पसरला. दोन डाग, झालं. तिने मोबाइल जोडला. बोर्डातली परकी बाई ‘कनेक्टेड’ म्हणाली. मग भोपळ्याच्या तोंडून तिचाच आवाज आला. “नमस्कार. मी भोपळा. मला एका मुलीने बनवलंय.” खणखणीत! तिला स्वतःचा आवाज पहिल्यांदाच आवडला. चार वाक्यं झाली. भोपळा गप्प झाला.

आणि मग… टक. टक. टक.

तिने मोबाइल पाहिला. रेकॉर्डिंग संपलेलं होतं.

“अहो… ऐकताय ना?”

आवाज बारीक होता, खरखरीत, लांबून आल्यासारखा. बोर्डातली बाई हे बोलत नाही, एवढं तिला कळलं. अंगावर सर्रकन काटा आला. पण ती कारागीर होती. मामाने शिकवलं होतं, की डाग कच्चा असला तर वायर कुठलंही स्टेशन पकडते, घाबरायचं नाही, डाग बघायचा. तिने मोबाइल बंद केला. भोपळा उघडला. एक डाग खरंच मळकट दिसत होता. तो तिने वितळवून पुन्हा दिला, वायरी एकमेकींना पीळ देऊन नीट बसवल्या. खरखर गेली.

टक. टक. टक. “अहो… ऐकताय ना?”

आता तर मामी शेजारच्या स्टुलावर बसून बोलावी इतकं स्वच्छ. दुरुस्ती उत्तम झाली होती, म्हणून तर पंचाईत होती.

तिने बॅटरीची पिन उपटली. निळा दिवा विझला. भोपळा आतून काळा झाला. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली, आणि घंटी विरली तसा आतून हलकेच श्वास ऐकू आला… कोणी कुशीवर वळावं तसा.

जिन्यावर पावलं धाडधाड वाजली. मामा अनवाणीच खाली आला होता. चेहरा पांढराफटक.

“वर कोण आलं होतं?” त्याने विचारलं.

“कोणी नाही. मी इथेच आहे.”

“मग चमचा कोण वाजवतंय?” मामा कुजबुजला. “मी झोपलो होतो… खाटेपाशी चमचा वाजला.”

तेवढ्यात त्याची नजर भोपळ्याकडे गेली. मग वरच्या फळीकडे. उघड्या पेटीकडे. ती ओरडा खायच्या तयारीने मान खाली घालून उभी राहिली. पण मामा ओरडला नाही. भिंतीला पाठ लावून तो हळूहळू खाली बसला.

“मामा, मी आत्ता काढते…”

“थांब.” मग मामा जमिनीकडे बघत म्हणाला, “त्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याला मोठा स्पीकर वाजवून दाखवायचा होता. पेटीच्या आवाजाचा त्रास नको, म्हणून मी बटण फिरवून बंद केलं. दहा मिनिटं. फार तर पंधरा. मग नुसत्या चौदा पायऱ्या चढून वर गेलो, तर…” त्याने ओठ पुसले. “तिने हाक मारली होती का, तेच मला माहीत नाही. पाणी मागितलं का? जीव घाबरला का? तीन वर्षं तेच…”

टक. टक. टक.

“अहो… ऐकताय ना?”

मामा गुडघ्यांवर सरकत टेबलापाशी आला. भोपळ्याच्या वेड्यावाकड्या दातांसमोर त्याने तोंड नेलं. एरवी ती हसली असती.

“ऐकतोय,” मामा म्हणाला. “बोल ना गं. काय हवंय तुला?”

घड्याळाचा काटा तेवढा चालत होता.

“काही नाही…” आवाज म्हणाला. “उगीच. आवाज दिला.”

मामाने डोळे मिटले. खांद्यावरून पोतं उतरवावं तसे त्याचे खांदे खाली आले. तिलाही रडू फुटलं. गोष्ट इथेच संपली असती, तर किती बरं झालं असतं.

“अहो…”

“हं?”

“तुमच्या मागे… ती कोण उभी आहे?”

ती जागच्या जागी थिजली. स्पीकरच्या कागदी पडद्याला ऐकू येतं हे तिला माहीत होतं. मामानेच सांगितलं होतं, की असल्या पेटीत स्पीकर बोलतोही आणि ऐकतोही. पण बघतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने मामाची बाही ओढली, मान जोरजोराने हलवली. सांगू नकोस. पण मामा इतका हलका झाला होता, की तो हसला. तीन वर्षांत नव्हता हसला तसा.

“अगं, आपली भाची. तू गेलीस तेव्हा एवढीशी होती. आता बघ, तुला बोलतं केलं तिने. कारागीर म्हणतो मी तिला.”

“कारागीर…” आवाज म्हणाला. चव घेतल्यासारखा. मग शांत झाला.

त्याच दिवशी दोघांनी स्पीकर काढला. स्क्रू तिने काढले आणि पेटीत परत बसवले. मागच्या वायरी तिने मुळापासून कापल्या. मग मामाने करवत काढली आणि भोपळ्याचं तोंड मोठ्या स्पीकरच्या मापाचं कापून दिलं. कापता कापता म्हणाला, “हे कोणापाशी बोलायचं नाही. आणि ते रेकॉर्डिंगचं सोड. भोपळ्याच्या तोंडून कसली बोलतेस? मी पेटीवर विसंबलो, चौदा पायऱ्या चढायचा कंटाळा केला. तू तसं करू नकोस.”

सोमवारी ती भोपळा घेऊन स्टेजवर उभी राहिली. समोर सगळी शाळा. खिशातला मोबाइल तिने दाबला नाही. शनिवारी दुपारी जे ऐकलं, त्यापुढे ही शाळा म्हणजे काय? तिने घसा साफ केला आणि चार वाक्यं बोलली. पाचवंही बोलली, ते पाठसुद्धा केलेलं नव्हतं. मग मात्र मोबाइल दाबून भोपळ्यातून दाराची करकर सोडली, तेव्हा पहिली रांग किंचाळली. मॉनिटर सगळ्यांत मोठ्याने.

खाली उतरल्यावर मॉनिटर म्हणाली, “म्यूट, तुझा आवाज चांगला आहे की गं!”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

तेव्हापासून तिला म्यूट म्हणणं बंद झालं. मामाही सुधारला. रोज जेवतो, दाढी करतो. पेटी वरच्या फळीवर आहे, बटण बंद, वायर नाही, बॅटरी नाही. आत्ता लिहितानासुद्धा ती मला इथून दिसतेय. जोडीतली दुसरी पेटी मामाने कालच वर मामीच्या खाटेपासून काढून बाहेर देऊन टाकली, चमच्यासकट. त्यामुळे आता वरून काही वाजण्याचा प्रश्नच उरलेला नाही, आणि मला एवढंच सांगायचं होतं की त्या मुलीला मुळीच भीती

टक. टक. टक.

“कारागीर… ऐकतेस ना? जरा वर ये…”

मामा अजून आलेला नाही.

आले हं, मामी. एवढं वाक्य पुरं करते आणि