पॅरलल फोन

दुपारचे साडेतीन वाजले होते. बाबा कारखान्यात, आई इंद्रपुरीतल्या शाळेच्या ऑफिसात. बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये सुरुची एकटीच, फोनच्या लाइनला मोडेम लावून, कॉम्प्युटरसमोर बसली होती. शिष्यवृत्तीचा फॉर्म पाचच्या आत गेला नाही, तर अकरावीला पुण्याला जाणं विसर, असं बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

पण पान अर्ध्यावर यायचं नि लाइन तुटायची. पुन्हा शिट्टी, पुन्हा खरखर.

शेवटी तिने शेजारच्या विश्वासकाकांना बोलावलं. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली. त्यांनी वायर बदलली, सॉकेट साफ केलं. तरी लाइन तुटतच राहिली.

"कोणीतरी पॅरलल फोन, याच लाइनवरचा दुसरा, उचललाय, बेटा. ठेवायला सांग."

"काका, आमच्याकडे हा एकच फोन आहे."

"मग तुमचे उंदीर फार बोलके दिसतात," म्हणत त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरत गेलं. त्यांनी रिसीव्हर अगदी अलगद खाली ठेवला.

"कोण बोलतंय?"

"बोलत नाही गं... ऐकतंय." ते उठले. "तू आमच्याकडे येऊन बस. बाबा आल्यावर बघू."

"पण काका, फॉर्म..."

ते थांबले नाहीत. चपलाही दारातच राहिल्या.

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीत दाटला होता. पाचला दहा मिनिटं कमी. पान पुन्हा अडलं. सुरुचीला रडू फुटायला आलं. इंटरनेट लावलं की घरोघरी जसं सांगतात, तसं सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "फोन ठेवा ना जरा. माझा फॉर्म जायचाय."

आतल्या खोलीत रिसीव्हर ठेवल्यासारखं खट् झालं.

पान सर्रकन उघडलं. सुरुचीने मान वळवली नाही. ती टाइप करत राहिली. पाचला तीन मिनिटं असताना फॉर्म गेला.

इंटरनेट बंद करून तिने आईला कळवायला रिसीव्हर उचलला. डायलटोन नव्हताच. पलीकडे घंटा वाजत होती. नंबर आधीच कोणीतरी फिरवला होता.

"सुरू, तूच ना?" आईचा आवाज आला. "गेला का गं फॉर्म?"

सुरुचीने तोंड उघडलं... पण त्याआधीच लाइनवर तिच्याच आवाजात, तिच्याच लाजऱ्या, हळू सुरात कोणी म्हणालं,

"गेला, आई. तू आज जरा उशिरा ये."