अर्धी बाटली पाणी

उद्या त्या मागच्या खडीच्या रस्त्याने सायकली काढणार म्हणता? काढा की. पानगळीचे दिवस आहेत, सगळा रस्ता पिवळाधमक झाला असेल, फोटो काढून काढून थकाल. मी अडवत नाही. पण मघाशी हा धाकटा भावाच्या ग्लासातून पाणी प्यायला नाक मुरडत होता ना, म्हणून सांगतो. दिवा घालवा हवं तर. मला सांगायला उजेड लागत नाही.

ऐकीव नाही हे. माझ्या साडूचं आहे, म्हणजे तुमच्या मामीच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. चष्म्याचं दुकान होतं त्याचं. दिवसभर भिंगं पुसायची सवय, त्यामुळे खिशात कायम एक मऊ पिवळं फडकं. दुसऱ्याने हात लावलेली वस्तू पुसल्याशिवाय घ्यायचा नाही. आमच्या घरी आला तर चहाच्या कपाचा कानसुद्धा पुसायचा, आणि तुमची मामी आत जाऊन भांडी आपटायची. मला तेव्हा गंमत वाटायची.

तर फेब्रुवारीचा शेवटचा मंगळवार. पलीकडच्या गावच्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या चष्म्याची काडी तुटली होती, ती बसवून झाली होती. चष्म्यावाचून बाईंचं अडलेलं. म्हणून पाच वाजताच दुकान बंद करून हा सायकलवर निघाला. जाताना सगळं छान. तिरकं ऊन, चाकाखाली कुरकुरणारी पानं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चष्मा दिला, बाईंच्या नाकावर नीट बसवला, आणि साडेसहाला परत फिरला.

अर्ध्या वाटेवर ओढ्यावरचा छोटा पूल आहे. तिथे कठड्याला टेकून एक माणूस बसला होता. त्याची सायकल खाली चरात आडवी. तो म्हणाला, "जरा पाणी देता का? उठता येत नाहीये मला."

साडू थांबला. मग त्याने त्या माणसाचं तोंड पाहिलं. हनुवटीवर चिखल, दातांवर रक्त, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ लोंबत होती. आणि साडूच्या सायकलच्या दांडीला बाटली. गळ्यापर्यंत भरलेली.

"संपलंय," साडू म्हणाला, आणि निघाला.

आता खडीचा रस्ता कसा असतो तुम्हाला माहीत आहे. सायकल हिंदकळली आणि बाटलीतलं पाणी डचमळायला लागलं. डुबुक, डुबुक. त्या शांततेत ते लांबपर्यंत ऐकू गेलं असणार. त्या माणसाने मागून हाक मारली नाही. साडूनेही घरी येऊन कोणाला फोन केला नाही. दारू प्यायलेला असेल असं वाटलं म्हणे.

सकाळी पोस्टमनला तो माणूस सापडला. कंबर मोडली होती. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जिवंत असणार. तोंडात खडी होती त्याच्या, गालभर. दवाने भिजलेली खडी चोखत होता बिचारा.

साडूने हे मला आठ दिवसांनी सांगितलं. तेव्हा त्याचे गाल बसले होते. कारण त्या सकाळपासून त्याला पाणी पिता येत नव्हतं. ग्लास ओठांना लावला की काठ आधीच ओला. कोमट. कोणाच्या तरी तोंडाचा वास यायचा. फडक्याने पुसावा, तर पुन्हा ओला. चहाचं तेच, दुधाचं तेच. फळांवर दिवस काढत होता. ऐकता ऐकता मला शिसारी आली. ग्लासाची नाही, त्याची. माझ्या घरात माझ्यासमोर बसलेल्या त्या स्वच्छ माणसाची. तरी बायकोच्या बहिणीकडे बघून म्हटलं, साडूभाऊ, जा आणि त्याला पाणी देऊन या. नुसतं ओतू नका. हातात द्या.

बुधवारी तो गेला. साडेसात वाजले होते, अंधार पडलेला. पुलाच्या कठड्यापाशी उभा राहिला, डोळे मिटले आणि बाटली पुढे धरली.

बाटली हातातून गेली.

मग आवाज. घट... घट... घट... बराच वेळ. मग खोकला. मग बाटली परत हातात आली. हलकी झाली होती. अर्धी.

"आता तुम्ही घ्या."

साडूने डोळे उघडले. समोर कोणी नव्हतं. बाटलीच्या तोंडावर चिखल होता, आणि लाळेची एक तार... वाऱ्याने हलत होती. घोटभर प्यायचं होतं फक्त. एक घोट, की सुटला असता. त्यालाही ते कळत होतं. त्याने बाटली वर उचलली...

आणि दुसरा हात खिशात गेला.

पुसलं त्याने. गोल गोल फिरवून, भिंग पुसतात तसं. मुद्दाम नाही रे. सवयीने.

काही क्षण काहीच नाही. ओढ्याचाही आवाज नाही. मग अगदी कानाशी...

"राहू दे. मी येतो तुमच्याकडे."

चौथ्या दिवशी साडूला दवाखान्यात ठेवलं. हाताला सलाईन. ओठ फुटले होते, नर्स त्यांना पांढरं मलम लावायची. शनिवारी रात्री त्याच्यापाशी मी बसलो होतो. तीन वाजून दहा मिनिटांनी त्याने डोळे उघडले.

"साडूभाऊ, घोटभर पाणी द्या. कसंही असू दे."

स्टुलावर झाकून ठेवलेला ग्लास होता. मी झाकण उचललं. पाणी काठोकाठ... आणि काठ ओला. चिकट. वास आला मला. कोणाच्या तरी तोंडाचा.

मला फक्त तो ग्लास त्याच्या ओठांना लावायचा होता.

नाही लावला. झाकण ठेवलं. नर्सला विचारून देतो, म्हटलं. विचारलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. माझी मलाच किळस येते रे अजून.

पाचला तो गेला. मी जागा होतो. डोळ्याला डोळा लागला नव्हता माझा. कोणी आलं नाही. तो उठला नाही. सलाईनचा हात पट्टीने बांधलेला होता त्याचा.

उजाडल्यावर नर्सने स्टुलावरचा ग्लास उचलला. झाकण तसंच. आत थेंब नव्हता.

काठावर ओठांचे दोन ठसे होते. समोरासमोर. एक चिखलाचा... आणि एक पांढऱ्या मलमाचा.