विलगीकरणाची खोली

पोपट पाळायचाय म्हणता? पाळा बाबा, मी कोण अडवणार! फक्त तो टीव्ही बंद करा आणि आधी हे ऐका. इकडून तिकडून ऐकलेलं नाही. आमच्या साडूच्या बाबतीत घडलेलं आहे.

साडू जनावरांचा डॉक्टर. सरकारी, विमानतळाच्या मालगोदामावर. मी टायरचा दुकानदार. सासुरवाडीला गेलो की सासूबाई त्याला खुर्ची द्यायच्या आणि मला म्हणायच्या, ‘जरा ती खुर्ची सरकवा.’ असो. माणूस हुशार होता, बोलायला तर इतका गोड की समोरच्यानं ऐकतच राहावं.

विमानातून जाणारं प्रत्येक जिवंत जनावर त्याच्या हाताखालून जायचं. आता राखाडी पोपट असतो बघा, लाल शेपटीचा, हुबेहूब माणसासारखा बोलणारा. रानातून तो संपत आलाय. म्हणून कायदा असा की रानात पकडलेला विकायचा नाही, पिंजऱ्यात जन्मलेला चालेल. ओळखायचा कसा? पायातल्या कडीवरून. कडी अखंड असते, तिला सांधा नसतो. पिल्लू इवलंसं असतानाच ती पायात जाते. मोठ्या पोपटाच्या पायात जात नाही.

बोट मोडल्याशिवाय.

एक पाखरांचा व्यापारी होता, त्याला सगळे शेठ म्हणायचे. शेठ बोटं मोडायचा आणि आमचा साडू डोळे मिटून सही करायचा. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं.

मग गोदामावर एक नव्या अधिकारी बाई आल्या. शेठच्या पेट्या दिसताच म्हणाल्या, ‘उघडा. मला पाय बघायचेत.’

साडूच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ‘बाई, यांना रोग असल्याचा संशय आहे,’ म्हणाला. ‘आधी विलगीकरण.’ गोदामाच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती. तिथं पेट्या टाकल्या, कुलूप लावलं. नियमानं त्या खोलीची चावी फक्त डॉक्टरकडे. जोडून सुट्टी आली म्हणून चावी खिशात घालून गडी घरी निघून गेला. जाताना पहारेकऱ्याला सांगितलं, ‘पाणी देऊ नका. पाणी दिलं की ओरडतात.’

दिवस उन्हाळ्याचे. बाईंनी आधी खोलीच्या दाराशी उभं राहून फोनवर विनवलं, मग त्याच्या घरापर्यंत आल्या. माझी मेहुणी साक्षीला आहे. दारात उभ्या राहून हात जोडले त्यांनी. ‘डॉक्टर, चावी द्या. आत जीव आहेत हो.’ यानं आतून कडी लावून घेतली.

सुट्टी संपल्यावर दार उघडलं. एकही जिवंत नव्हता. सगळे जाळून टाकले, पायांसकट. आणि ठपका? बाईंवर! त्यांनीच माल अडवला म्हणून. निलंबित झाल्या बिचाऱ्या. साडूनं आम्हाला जेवायला बोलावलं होतं त्या आठवड्यात. पोटभर हसला होता.

गेल्या वर्षी नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. शेठचा फोन आला. ‘नवा माल घेऊन निघालोय. रात्री विलगीकरणाची खोली तेवढी उघडून ठेवा. पहाटे विमान आहे.’

‘दहा मिनिटांचं काम आहे, आलोच,’ असं बायकोला सांगून हा निघाला. साडेअकराला गोदामावर पोचला. पहारेकऱ्याला चहाला पाठवलं, कुलूप काढलं, दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. मोबाइलच्या उजेडात पाहिलं. धुतलेली फरशी, रिकाम्या भिंती. शेठला फोन लावला.

पुढचं मला शेठनं स्वतः सांगितलं. फोन शेवटपर्यंत चालू होता.

‘कुठं अडकलात शेठ?’

‘चाक बसलंय. अर्धा तास लागेल.’

‘लागू द्या. थांबतो मी...’ साडू मध्येच थांबला. मग हसला. ‘काय राव, चेष्टा करता? इथंच तर आहात. बोलताय की आतून.’

‘मी? मी हायवेवर आहे डॉक्टर.’

‘मग हे...’

आणि शेठला फोनमधून ऐकू आलं. स्वतःचाच आवाज. खरखरीत, जरासा चिरका.

‘मेलेले खाली घाल. जिवंत वर.’

पेट्या भरताना तो हेच म्हणायचा. त्या वेळी ऐकायला पाखरांशिवाय कुणीच नसायचं.

‘डॉक्टर, बाहेर या.’

‘कोण आहे रे?’ साडू ओरडला. ‘पहारेकरी? समोर ये!’

मग दुसरा आवाज आला. साडूचाच, तसाच गोड.

‘पाणी देऊ नका. पाणी दिलं की ओरडतात.’

‘शेठ... इथं कुणीच नाही हो. खोली रिकामी आहे. मी बघतोय... रिकामी आहे...’

‘बाहेर या आधी!’

‘दार... दार लागलंय.’

मग तिसरा आवाज. त्या अधिकारी बाईंचा. अगदी कानाशी.

‘डॉक्टर, चावी द्या. आत जीव आहेत हो.’

साडू रडायला लागला. ‘चावी माझ्याकडे आहे... देतो... घ्या... कुणाला देऊ...’

फडफड.

एक. मग अनेक. मग इतकी की शेठनं फोन कानापासून लांब धरला. आणि त्या फडफडीत ते तिन्ही आवाज, एकावर एक, शेकडो तोंडांतून... चावी द्या... खाली घाल... पाणी देऊ नका... चावी द्या...

मग काहीच नाही.

पहारेकरी चहा पिऊन आला तेव्हा दार सताड उघडं होतं. दिवा लख्ख जळत होता. साडू कोपऱ्यात उकिडवा बसलेला, मान खांद्यात घातलेली. बूट पायात, नाड्या बांधलेल्या. दवाखान्यात बूट काढले तेव्हा कळलं. दोन्ही पायांची बोटं मोडलेली होती. एकेक करून.

शेठ त्याच रात्री माल वळवून थेट बाईंच्या दारात गेला. जिवंत होती ती पाखरं त्यांच्या ताब्यात दिली, सगळं कबूल केलं. बाई परत कामावर आहेत. शेठ तुरुंगात आहे. बराकीत माणसं असतात, म्हणून त्याला झोप लागते म्हणे.

आणि साडू? त्याला वाचा होती. पण त्याचं स्वतःचं एकही वाक्य उरलं नव्हतं. मेहुणीनं पाण्याचा पेला ओठांशी नेला की तोंड फिरवायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, ‘पाणी देऊ नका. पाणी दिलं की ओरडतात.’ सलाइन लावलं की उपटून टाकायचा. ओठ फुटले, जीभ सुकली, तरी तेच. ती पायाशी बसून रडायची, ‘अहो, एक घोट.’ तो मान वाकडी करून तिच्याकडे एका डोळ्यानं बघायचा.

आठवडाभरही टिकला नाही.

वाईट वाटलं का, विचारता? मेहुणीसाठी वाटलं.

त्याचे कपडे आणायला मीच गेलो होतो. नर्सनं पिशवी दिली. गाडीत बसल्यावर कोटाच्या आतल्या खिशात हाताला काहीतरी लागलं. गोल. हळूच बाहेर काढलं.

अंडं होतं. पांढरं, लहानसं.

कोट त्या रात्रीपासून दवाखान्याच्या कपाटात, कुलपात होता.

अंडं गरम होतं.

मी ते कानाशी नेलं... आणि आतून कुणीतरी चोच मारली.