धुऊन आलेला डबा

फौजेतल्या माणसाच्या पत्त्यात गाव नसतं. नंबर असतो, हुद्दा असतो, नाव असतं, पलटण असते, आणि खाली लष्करी टपालाचा एक आकडा. हे धुरपदाबाईला पटवून देण्यात माझ्या निवृत्तीचा बराच काळ सत्कारणी लागला.

"बन्सीभाऊ, गाव लिहा."

"गाव लिहायचं नसतं."

"गाव नही लिहिलं त जाई कसं? हवेत टांगेल शे का मन्हा पोऱ्या?"

"दक्षिण सुदानमध्ये आहे तो. शांतिसेनेत. ज्यांना कळायला हवं त्यांना कळतं."

"त्यास्ले कळस. मी माय शे, माले नही कळत."

 मी पत्ता लिहिला आणि गाव लिहिलं नाही.

माझी सगळी नोकरी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये, डिस्पॅचला गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायकांच्या साड्या बांधून देशभर धाडल्या, त्यामुळे उधन्याच्या आमच्या गल्लीत पार्सल या विषयात माझा शब्द शेवटचा मानतात. इतर कुठल्याच विषयात मानत नाहीत. गल्लीच्या दोन्ही अंगांना लूमची खाती आहेत, कापड विणणारे छोटे कारखाने. त्यांची खडखड इतकी सततची की वीज गेली की माणसं दचकून बाहेर येतात.

धुरपदाबाई माझ्या समोरच राहते. मूळची अमळनेरकडची, अजून अहिराणीच बोलणारी. योगराज तिचा एकुलता, चंचल ही सून. लग्नाला वर्ष व्हायच्या आत योगराजची पलटण तिकडे गेली आणि मागे या दोघी एका खोलीत एकमेकींच्या तावडीत सापडल्या. शांतिसेनेची खरी गरज आपल्या गल्लीत आहे, असं मी एकदा म्हणालो. दोघींनाही ते आवडलं नाही. त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते तेवढंच.

डबा भरताना तर युद्धच. सासू ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, खाराची मिरची, तिळाची चटणी ठेवायची. सून सुरतेत जन्मलेली. ती मधेच खारी आणि नानखटाई सारायची. सासू ती बाहेर काढायची. डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा. भरताना धुरपदाबाई त्याच्याशी बोलायची: "हे बिबडे तू चुलीपाशी बसून कच्चेच खायचा... ही मिरची खाऊन एकदा रडला होता, आठवतं?" गुडघ्याला लागलं ती गोष्ट, बापाचं मयत, समोरच्या गल्लीतलं कुत्रं, सगळं त्या डब्यात जायचं.

"काका, पोस्टात वजनावर पैसे घेतात," चंचल मला म्हणायची. "यांना सांगा, कमी बोला."

मग मी डब्यावर मिलमधलं ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं कापड चढवायचो, दाभणाने शिवायचो आणि शेवटी डिस्पॅचची गाठ मारायचो. ती कापल्याशिवाय सुटत नाही.

पहिलं पार्सल गेलं. चंचलच्या मोबाइलवर योगराजचा चेहरा दिसायचा, मागे तारेचं कुंपण आणि पांढरं ऊन. "नाही मिळालं अजून," तो सांगायचा. "येईल. इथे सगळं उशिरा येतं."

एका सकाळी चंचल पाणी भरायला उठली तेव्हा पार्सल दाराबाहेरच्या ओट्यावर होतं.

परत आलं, असं मला वाटलं. गाव न लिहिल्यामुळे परत आलं, असं धुरपदाबाईला वाटलं आणि तिने ते गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. मी कापड हातात घेतलं. कापड माझं, दोरा माझा, शिवण माझी. तिकडचा शिक्का नव्हता. गाठ मात्र सापडेना. शिवण उसवल्यावर सापडली. ती आतल्या बाजूला होती.

यात काय विशेष, असं वाटेल. बाहेरून शिवलेल्या पार्सलची शेवटची गाठ बाहेरच राहते. ती आत मारायची तर मारणाऱ्याने पार्सलच्या आत बसायला हवं.

डबा लख्ख धुतलेला होता. त्यात मूठभर ज्वारी होती, लालसर, बारीक दाण्याची.

धुरपदाबाईचा चेहरा फुलला. "देखा! वळण शे मन्हा पोऱ्याले. खाल्लं, धुतलं, आणि रिकामा नाही धाडला."

आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतात. भरून आलेल्या डब्याला मग पुन्हा उत्तर द्यावं लागतं. या देवाणघेवाणीत गल्लीची निम्मी भांडणं जन्मतात आणि निम्मी मिटतात.

त्या दिवशी फोनवर योगराज म्हणाला, "आई, मला डबा मिळालाच नाही. मी काय पाठवणार?"

"लाजतोय," धुरपदाबाई मला म्हणाली.

तिने ती ज्वारी दळली, भाकरी केली. आलेलं अन्न टाकायचं नसतं. चंचलने हात लावला नाही. मी एक तुकडा खाल्ला. चव चांगली होती, हे कबूल करताना मला बरं वाटत नाही.

दुसरा डबा फार लवकर आला. आमच्या भागाचा पोस्टमन प्रवीण; मी त्याला सायकलवरच अडवलं. त्याने हात वर केले. "काका, आ मारा थेलामां नथी आव्युं." त्याच्या थैलीतून ते आलंच नव्हतं, आणि तो खोटं बोलणारा माणूस नाही. त्यात डब्याला हात लावायला तो तयार नव्हता, आणि का नाही, हे त्याला सांगता येईना.

या खेपेला आत बिबडे होते. धुरपदाबाईचेच वाटावेत असे, पण एकीकडे जाड, एकीकडे कागदासारखे. जणू करणाऱ्याने ते फक्त खाल्ले होते, करताना कधी पाहिले नव्हते.

तिसरा डबा पाठवला आणि तो तिकडे पोचणं सोडा, सुरतेबाहेर पडायच्या आत परत आला. हे माझं क्षेत्र आहे. माल कुठे किती वेळ अडतो ते मला कळतं. आत भाकरी होती, थापलेली, वर बोटांचे ठसे उमटलेले. भाकरी थापताना ते उमटतातच. फक्त एका हाताला असावीत त्याहून ती बोटं जास्त होती.

धुरपदाबाई ती भाकरी डोळे मिटून खात होती. "सुधरला हात," ती म्हणाली.

चंचल तिच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे. त्या दोघींचं भांडण त्या दिवशी थांबलं. ते थांबल्यावर घर जास्त वाईट वाटायला लागलं.

योगराजने मला फोन केला तो दुपारी. आईला न सांगता, फक्त मला.

"काका, आईला पाठवायचं बंद करायला सांगा."

"डबे मिळाले का तुला?"

"एकही नाही. पण इथे कुंपणापाशी कुणीतरी येतं. भर दुपारी. गवत उंच आहे, दिसत नाही. हाक मारतं. अहिराणीत."

"तुमच्यात खानदेशचा दुसरा कुणी असेल."

"आमच्या पलटणीत मी एकटा आहे, काका. 'भाऊ, जेवना का?' असं विचारतं. मग विचारतं, 'तुन्हं घर कोनती गल्लीमा शे?' मी बोललो नाही. पण त्याला माझ्या गुडघ्याचं माहीत आहे. बाबा गेले ते माहीत आहे. आधी त्याची भाषा तुटकी होती. आता ते माझ्यासारखं बोलतं. परवा माझ्या जोडीदाराने त्याला ओ दिली. त्याला वाटलं, मीच बोलावतोय. आम्ही त्याला ओढून आत आणला."

मी उठून खिडकी लावून घेतली.

"जितकं पाठवाल तितकं ते माझ्यासारखं होतंय. थांबवा, काका. मला घरी यायचंय."

मी लगेच समोर गेलो. धुरपदाबाई चौथा डबा भरत होती, त्याच्याशी हळू आवाजात बोलत. मी सगळं सांगितलं. तिने बिबड्यांवरून हात काढला नाही.

"डबा भरून आलाय," ती म्हणाली. "मी रिकामा ठेवू?"

"तो योगराज नाही, वहिनी."

"मन्हा हातचं कोण खातं ते माले कळत नाही?"

"योगराजने स्वतः सांगितलं."

"फोनमधला काय सांगतो ते तुम्ही ऐका. त्याने आजवर एकदा तरी म्हटलं का, आई, छान झालं होतं? हा म्हणतो. डबा धुऊन म्हणतो." मग तिने वर पाहिलं. इतक्या वर्षांच्या शेजारात तिने माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. "तुमचं ताट वाढून कुणी वाट पाहत नाही, बन्सीभाऊ. म्हणून तुम्हाला दुसऱ्याच्या पोराचा घास दिसतो."

मी डबा उचलला. पोस्टात टाकतो म्हणालो. कापड चढवलं, शिवलं, गाठ मारली, ती बाहेर आहे हे बोटाने चाचपलं, आणि पार्सल माझ्या लोखंडी कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. ते जाणारच नाही, तर पोचेल कुठे? मिलमधला साधा हिशेब.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंचल आली. दार लोटून घेतलं.

"काका, पाठवलं नाही ना?"

"कपाटात आहे."

"दाखवा."

मी किल्ली फिरवली. पार्सल होतं तिथेच होतं. चंचलने ते उचललं आणि तिचा हात एकदम वर गेला, जड समजून हलकी वस्तू उचलल्यावर जातो तसा.

गाठ बाहेर नव्हती.

मी शिवण कापली. डबा आत पालथा घातलेला होता. सुलटा केला. धुतलेला. कडेला अजून पाणी होतं. आत काहीच नव्हतं. ज्वारी नाही, बिबडे नाहीत, काही नाही.

मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. "रिकामा आहे," मी म्हणालो. "या वेळी काही दिलं नाही. संपलं म्हणायचं."

चंचल खाली बसली.

"काका, डबा भरून कोण देतं?"

"शेजारी."

"म्हणजे परका," ती म्हणाली. "घरचा माणूस खातो, डबा धुतो आणि पालथा घालतो. बस."

लूम चालू होते. त्यांच्या खडखडीतूनही समोरची हाक स्पष्ट ऐकू आली.

"चंचल! ओ चंचल! देख कोण उना!"

चंचल धावली नाही. भिंतीला हात धरून उठली. गल्ली ओलांडताना तिने दोनदा मागे पाहिलं, मी येतो आहे ना म्हणून.

योगराज जेवायला बसला होता. पाठ दाराकडे. तोच मानेचा बाक, तेच कान. अंगावर साधा शर्ट. सामान कुठे दिसत नव्हतं. दाराशी चपला नव्हत्या, बूट नव्हते. धुरपदाबाई त्याच्या पुढ्यात बसून बिबडे वाढत होती. कच्चे.

"सुट्टी मिळाली," ती मला म्हणाली. तुम्हाला सगळं माफ केलं, असा तिचा स्वर होता. "सांगितलं नाही, देखा! मायले चकित करायला."

तो खात होता. मान वर न करता, सावकाश.

माझ्या खिशातला फोन वाजला.

व्हिडिओ होता. योगराज हसत होता. कुंपण, पांढरं ऊन, मागे गवत आडवं झालेलं.

"काका, कालपासून ते येत नाही! गवतात जाऊन बघितलं आम्ही. काही नाही. तुम्ही थांबवलं ना?" तो लहान मुलासारखा बोलत होता. "आणि आमचे परतीचे हुकूम आलेत. लवकरच निघू. आई कुठाय? दाखवा जरा तिला, मीच सांगतो."

माझ्या हातात तो चेहरा होता, आणि समोर ती पाठ.

धुरपदाबाईने तो आवाज ऐकला. तिचा हात ताटावर थबकला. तिने आधी माझ्या फोनकडे पाहिलं, मग ताटावर बसलेल्याकडे. मला वाटलं, आता ती उठेल.

तिने अजून एक बिबडा वाढला.

"काका," योगराज म्हणाला, "दाखवा ना."

"फोन ठेवा, काका."

हे फोनमधून आलं नव्हतं. जेवणाऱ्याने मान वळवली नव्हती. आवाज मात्र तोच होता, काडीचा फरक नव्हता.

"ठेवा ना भाऊ," धुरपदाबाई हळूच म्हणाली. "पोऱ्या जेवतोय."

मी ठेवला.

त्याने शेजारची जागा हाताने झटकली. चंचल स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी होती. ती हलेना. सासूने तिच्याकडे पाहिलं. मग ती आली आणि बसली, त्याच्यापासून जमेल तितकी लांब.

ओट्यावर तिचा फोन वाजायला लागला. पडद्यावर नवऱ्याचं नाव लागलं होतं. थरथरत तो ओट्याच्या कडेपर्यंत सरकला.

"तोही," जेवणारा म्हणाला.

चंचल उठली आणि तिने तो बंद केला.