राखणदाराच्या लेकी

"कागदावर काढलेल्या होडीत बसून मासे धरायला जाता येईल का?"

आईनं हे विचारलं तेव्हा नीरजा भाकरी खात होती. परीक्षा जवळ आल्यामुळे आई काहीतरीच बोलते आहे, असं तिला वाटलं.

परीक्षा नीरजाची नव्हती, आईची होती. नीरजा सातवीत होती आणि तिची आई, ईश्वरी पावसे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. लग्नानंतर सुटलेलं शिक्षण तिनं यंदा पुन्हा धरलं होतं. विषय होता ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग (वस्तू केंद्रस्थानी ठेवून संगणकासाठी आज्ञा लिहिण्याची पद्धत). नाव ऐकूनच पहिल्या आठवड्यात आईला ताप आला होता. नंतर मात्र ती नीरजाला शिकवत शिकवत स्वतः शिकू लागली.

"नाही जाता येणार," नीरजा म्हणाली. "ती नुसती आखणी."

"बरोबर. पण त्या एका आखणीवरून सुतार हव्या तेवढ्या होड्या बांधतो. प्रत्येकीचं नाव वेगळं, रंग वेगळा. एक खाडीत असते, एक वाळूवर. त्या आखणीला आम्ही क्लास (साचा) म्हणतो आणि तिच्यावरून घडलेल्या प्रत्येक होडीला ऑब्जेक्ट (वस्तू)."

"मग तू कसली आखणी करते आहेस?"

"आपल्या बंदरातल्या यंत्रमानवांची."

खारवली बंदरात तीन जातींचे यंत्रमानव होते. उडणाऱ्या घारी, पोहणारे डॉल्फिन आणि चिखलात चालणाऱ्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे. ते वेगवेगळ्या वर्षी आले होते आणि प्रत्येक जातीची आज्ञा वेगळी होती. कोणी हरवलं, तर बंदर अधिकारी दळवी साहेबांना एकेका यंत्राला त्याच्या भाषेत समजावत बसावं लागे. कॉलेजच्या गद्रे मॅडमनी आईला प्रकल्प दिला होता तो यावरच.

आईनं 'राखणदार' नावाचा एक मूळ साचा लिहिला होता. घार, डॉल्फिन आणि कुर्ली हे त्याच्यापासून निघालेले साचे, म्हणजे राखणदाराच्या लेकी. मूळ साच्याला जे येतं ते लेकींना आपोआप येतं, याला इनहेरिटन्स (वारसा) म्हणतात.

"पण घार पंख कसे फिरवते, हे तुला ठाऊक आहे?" नीरजानं विचारलं.

"नाही, आणि ठाऊक असायची गरजही नाही. ते तिच्या पोटात झाकलेलं असतं. याला एनकॅप्सुलेशन (आतलं आत झाकून ठेवणं) म्हणतात. मी फक्त म्हणायचं, 'शोध'. घार वरून बघून शोधेल, डॉल्फिन कान देऊन शोधेल. शब्द एकच, रीत ज्याची त्याची. हे पॉलिमॉर्फिझम (बहुरूपता)."

प्रकल्प अजून पुरा झाला नव्हता. तेवढ्यात तो दिवस उजाडला.

सकाळी खाडीवर इतकं दाट धुकं उतरलं की धक्क्यावरून पाणी दिसेना. पलीकडच्या गावाहून माणसं घेऊन निघालेली प्रवासी होडी अर्ध्या वाटेत गप्प झाली. इंजिन बंद, वायरलेस बंद. ओहोटी जोरात होती आणि ओहोटीचं पाणी थेट समुद्राकडे ओढतं. ती होडी चालवत होते नीरजाचे बाबा.

आई आणि नीरजा धावत बंदराच्या नियंत्रण खोलीत पोचल्या. दळवी साहेब घारींना एकेक करून आज्ञा देत होते.

"साहेब, माझा प्रोग्राम लावू या," आई म्हणाली.

"अहो, तो समुद्रावर तपासलेला नाही."

"नाही तपासलेला. पण तुमच्या पद्धतीनं सगळी यंत्रं निघेपर्यंत होडी बाहेर समुद्रात गेलेली असेल."

दळवी साहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची सोडली. आईनं एकच आज्ञा दिली: शोध.

बंदरातली सगळी यंत्रं एकदम हलली. पण धुक्यात घारींना काही दिसेना. डॉल्फिन इंजिनाचा आवाज शोधत होते आणि इंजिन तर बंद होतं. पडद्यावर नुसते ठिपके फिरत राहिले.

नीरजा त्या ठिपक्यांकडे टक लावून बघत होती. "आई, कुर्ल्या सरळ पाण्यात का चालल्यात? कुर्ली कधी सरळ जाते का?"

आईनं कपाळाला हात लावला. "कुर्लीची शोधायची रीत लिहायची राहिलीय माझी. तिला स्वतःची रीत नाही, म्हणून ती राखणदाराकडून आलेली रीत वापरतेय. 'सरळ पुढे जा', एवढीच."

"मग आता एकेका कुर्लीला बदलावं लागेल?"

"नाही. साचा बदलला की सगळ्या कुर्ल्या बदलतात."

आईची बोटं चालू लागली. पाण्याच्या काठाकाठानं आडवी चाल. वाळूत पाय रोवून कंप ओळख. मोठं लाकूड लागलं की कळव. ओव्हररायडिंग (वारशानं आलेली रीत बाजूला ठेवून स्वतःची लिहिणं) हा धडा तिनं नीरजाला दोनदा समजावला होता. नीरजानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

कुर्ल्या थांबल्या, वळल्या आणि किनारा धरून आडव्या पसरल्या. खाडीच्या तोंडाशी ओहोटीनं वाळूचा दांडा उघडा पडला होता. तिथं एका कुर्लीचा ठिपका लाल झाला. दळवी साहेबांनी बचाव होडी त्या दिशेला सोडली.

प्रवासी होडी दांड्यावर रुतून कलली होती. बचाव होडी पोचली तोवर भरती लागली होती आणि लाटा कडेवर आपटू लागल्या होत्या. बाबांनी सगळ्यांना उंच बाजूला बसवून दोरानं एकमेकांना बांधलं होतं. वायरलेसवर बचाव होडीतून आवाज आला, "सगळे आहेत. सगळे बरे आहेत." तेव्हा आई खुर्चीत मागे रेलली आणि पहिल्यांदा रडली.

दुपारी ऊन पडलं. धक्क्यावर गर्दी जमली होती. शहरातून आलेल्या एका बातमीदारानं दळवी साहेबांना विचारलं, "ही प्रणाली कोणत्या कंपनीची?"

साहेब बोलायच्या आधीच नीरजा पुढे झाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "कंपनीची नाही. माझ्या आईनं लिहिलीय. ती कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे."

बाबांच्या अंगावर अजून ओलं घोंगडं होतं. त्यांनी मान ताठ केली आणि बातमीदाराला आईचं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकही अक्षर चुकू नये म्हणून.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या बंदरातून निरोप आला. त्यांच्याकडे शिडाचे यंत्रमानव होते. राखणदाराचा साचा त्यांना मिळेल का? आई म्हणाली, मिळेल की, फक्त शिडानं शोधायची रीत नवी लिहावी लागेल. मग तिनं संगणक नीरजाकडे सरकवला.

"बाबांबरोबर होडीवर जाऊन जाऊन वाऱ्याचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं," ती म्हणाली. "ही लेक तू लिही."