झिजलेला अंगठा

बँकेच्या पायरीवर मावशी पासबुक उघडं टाकून बसली होती. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पै पै जमवलेले पैसे गेले होते. सहा बुधवारी, दुपारी दोनच्या सुमारास, बँकेबाहेरच्या कुठल्याशा मशीनवर अंगठा लावून काढलेले.

"मोबाइल मी घरात शिरू दिला नाही. कार्ड कापून टाकलं," ती फौजदारबाईंना म्हणाली. "म्हटलं, अंगठा कोण चोरणार?"

चाळीस वर्षं खानावळीत भांडी घासलेले तिचे हात मांडीवर निजल्यासारखे पडले होते. तेलाने तुकतुकीत.

फौजदारबाई कारकुनाकडे वळल्या.

"मशीन कुणाचं?"

"बाजारात भाड्याने मिळतं. घेणाऱ्याचं नाव कोण लिहितंय? पण बाई, मावशींचा अंगठा मशीनवर लागतच नाही. नोंद फार जुनी, आता रेघाच झिजल्यात. मी सही घेतो, चेहरा ओळखतो, पैसे देतो."

"शेवटचे कधी दिलेत?"

"चार महिने झाले."

फौजदारबाई मावशीला घेऊन तिच्या घरी आल्या, तेव्हा लेकीने दार उघडलं. वर्षानुवर्षं न फिरकलेली लेक चार महिन्यांपूर्वी आईकडे राहायला आली होती.

"आईचं काम तुम्ही सोडवलंत?"

"मग? किती राबायचं तिने?"

"आणि हातांना तेल?"

"रोज दोनदा चोळते. भांड्याला हात लावू देत नाही."

"दुपारी काय करतात?"

"निजते. पाठ दुखते ना, गोळी देते मी."

फौजदारबाईंनी पिशवीतून छोटं मशीन काढून मावशीपुढे धरलं. मावशीने अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला.

"लागला की गं," मावशी हरखून लेकीकडे बघून हसली.

लेक हसली नाही.

"घासणं सुटलं की कातडी नवी येते," फौजदारबाई लेकीला म्हणाल्या. "तुम्ही आईचे हात जपत नव्हता. रेघा उगवायची वाट बघत होता. मग बुधवारी गोळी, भाड्याचं मशीन आणि झोपलेल्या आईचा अंगठा. परक्या चोराला हा झिजलेला अंगठा कशाला हवा? तो पुन्हा लागतोय हे एकीलाच ठाऊक होतं. रोज चोळणारीला."

लेकीने खांदे उडवले. "तिला दिसून तरी काय बघायचं होतं?"

मावशी हळूच म्हणाली, "दुपारी केसांवरून हात फिरवायचीस, ते?"

"झोप लागली का ते बघायला."

लेकीला घेऊन गाडी गेली. मोरीत एकही भांडं नव्हतं. मावशीने तारेची घासणी उचलली आणि अंगठा घासायला बसली.