तांबड्या थरातली पावलं

"पाय अगदी विहिरीतल्यासारखा हाय गं हिचा..."

सासूबाई हे उज्वलाताईंना, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, दबक्या आवाजात सांगत होत्या. मी पडद्याआड चहाचे कप घेऊन उभी होते. दोघींच्या पुढ्यात माझं कापड पसरलेलं होतं. लग्नानंतर घरात येताना कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून मला ज्या पांढऱ्या कापडावरून चालवलं, ते. फ्रेम करून लावायचं ठरलं होतं. माझ्या डाव्या पायाची करंगळी जमिनीला टेकत नाही, त्यामुळे त्या पायाची चारच बोटं उमटली होती.

"समर्थभाऊजींना सांगायचं का?"

"नको. उद्याचं बोर होऊन जाऊ दे."

मी मुद्दाम कप वाजवत आत गेले. कापडाची घडी झाली.

आमचं घर पिंपळगाव बसवंतच्या शिवारात, द्राक्षबागेला लागून. द्राक्षवेलींची उन्हाळी खरड छाटणी झाली होती, बागेला पाणी हवं होतं आणि विहीर तळाला गेली होती. म्हणून मामंजींनी विहिरीच्या भिंतीत आडवं बोर मारायचं ठरवलं. मशीनवाल्याबरोबर माझे यजमान, समर्थ, खाली उतरणार होते. मी भूशास्त्रात एमएस्सी आहे. लग्नपत्रिकेत ते सोनेरी अक्षरांत छापलं होतं. त्यानंतर त्याची कुणाला गरज पडली नव्हती.

"मला विहीर बघायची आहे," दुपारी मी समर्थना म्हटलं.

"विहिरीत काय बघायचं? दगड?"

"दगडच."

ते हसले. "चला मॅडम."

ते अनवाणी पुढे उतरले. त्यांच्या उजव्या पायाला अंगठा नाही. लहानपणी ट्रॅक्टरखाली गेला. लोखंडी शिडी वर चटके देत होती, निम्म्यावर मात्र गार लागली. बागेतले आवाज विरत गेले. मी भिंत वाचत उतरत होते. वर मुरूम, मग काळा पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याखाली कंबरभर तांबडा थर आणि खाली पुन्हा काळा पाषाण. दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात इथे पाऊस पडला, खडकाची माती झाली. मग पुन्हा आग आली आणि माती विटेसारखी भाजली. तांबडा थर म्हणजे एकेकाळची उघडी जमीन. माणूस जन्मायला तेव्हा सहा कोटी वर्षं तरी अवकाश होता.

त्या थरावरचा पाषाण थोडा निखळून तिथे ओटा झाला होता. समर्थनी मोबाइलचा उजेड धरला. ओट्यावर पावसाच्या थेंबांचे बारीक खळगे होते... आणि पावलं. अनवाणी, एका बाईची, आत जाणारी. शेवटचं पाऊल निम्मं पाषाणाखाली गेलेलं. डाव्या पायाला चार बोटं.

"हे कुणी कोरलं?"

"कुणी नाय. खोदताना असंच निघालं. आई कुणाला बघू देत नाय."

नखाने खरवडलं. दगडच होता. चप्पल काढून डावा पाय त्या ठशात ठेवला. बरोबर बसला. दगड कोमट होता.

"बोर कुठे मारणार?"

"हितंच. थर मऊ हाय, पाणी हितंच लागंल."

मऊ थर पोखरल्यावर वरचा पाषाण कशावर उभा राहणार, हे मला कळत होतं. पण सगळं ठरलेलं होतं आणि मी घरात नवी होते. गप्प राहिले. गप्प असते म्हणून तर पसंत पडले होते.

सकाळी मशीन आलं. सगळे काठावर जमले. उन्हाचा तिरपा पट्टा नेमका त्या ओट्यावर पडला होता. मी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून झूम करून पाहिलं.

चार बोटांची पावलं तिथेच होती. फक्त आता टाचा पाषाणाकडे होत्या आणि बोटं विहिरीकडे. त्यांच्या शेजारी दुसरी पावलं होती, मोठी, आत जाणारी. उजव्या पायाला अंगठा नव्हता.

समर्थनी शिडीवर पाय ठेवला.

"थांबा!"

मशीनवालासुद्धा वळला.

"काय झालं गं, तृप्ती?" मामंजींनी विचारलं.

सासूबाई मात्र माझ्या पायांकडे बघत होत्या.

"यांना खाली उतरवू नका," मी म्हटलं. "माझी पावलं परत आलीत... यांची नाहीत."